बठ्ठा म्हणजे सगळे

“चारी कोपरा धरा वं, वढू नका! जेनावर मानसे बठतस ते वढतस नही, उचलतस.”

हसीनाबीचा हा आवाज माझ्या धाग्याधाग्यांत मुरलेला आहे. मला अंथरायला बाया आल्या की ती हेच सांगायची, आणि कुणी फरफटत नेऊ लागलं की तिचा जीव वरखाली व्हायचा.

मित्रांनो, मी जाजम आहे. जुनी आहे, विटलेली नाही. सोळा हात लांब आणि दहा हात रुंद होते. आता किती उरले आहे ते पुढे कळेलच.

एकोणीसशे सहा साली बोरी नदीच्या काठी रुपचंद रंगाऱ्याने मला रंगवलं. विलायती रंगाच्या पुड्या तेव्हा बाजारात आल्या होत्या. पुडी फोडली, पाण्यात टाकली, झालं काम! पण रुपचंद हट्टी माणूस. त्याने आल नावाच्या झाडाची तांबडा रंग देणारी मुळं आणली, कुटली, उकळली, आणि मला त्या तांबड्या पाण्यात किती वेळा बुडवून काढलं ते त्यालाच माहीत. काठाला वेल उठवली. मधोमध सारीपाट छापला. “विलायती रंग धुतस तसा फिका व्हस, आल धुतस तसा खुलस,” असं तो म्हणायचा. पुढे आल लावणं लोकांनी सोडलंच, म्हणून माझ्यासारखी दुसरी या भागात झाली नाही. हे मला फार लवकर कळलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

मी राहत होते ती सराई अमळनेरपासून दोन कोसांवर. फारुकी सुलतानांच्या वेळची म्हणतात. बऱ्हाणपूरचा माल सुरतेला जायचा त्या जुन्या वाटेवर ती उभी आहे. काळ्या दगडाच्या कमानी, मध्ये मोठा चौक, चौकाच्या टोकाला सभेचं दालन. तांडे बंद झाले, उंट गेले, मग तिथे लग्नं, पंगती, सभा होऊ लागल्या. हसीनाबीचा नवरा नासीर सराईचा राखणदार. त्याच्या सात पिढ्या तिथेच नांदल्या.

नासीर मोठा गमतीचा. सराई बघायला जो येईल त्याच्या तोंडाकडे पाहून इतिहास सांगायचा. गुजराती व्यापारी आले की म्हणायचा, “शेटजी, सुरतेचे नगरशेठ इथेच उतरायचे.” मामलेदारांचा निरोपसमारंभ होता तेव्हा म्हणाला, “होळकरांची फौज ह्याच चौकात जेवली, रावसाहेब.” हसीनाबी आडून म्हणायची, “एक दिवस दोन्ही गिऱ्हाइकं एकत्र आली म्हणजे काय करशील?” तो म्हणायचा, “नगरशेठांना फौजेच्या पंगतीला बसवीन!”

मी पंचवीस वर्षं मान घेतला. नवरानवरी माझ्या सारीपाटावर बसली. पतपेढीची पहिली सभा माझ्यावर झाली. गुलाबपाणी शिंपडलं गेलं, अत्तराचे थेंब पडले. लोक वाकून माझा काठ बघायचे. आणि मित्रांनो, लपवून काय ठेवायचं? शेजारच्या कापसाच्या जिनातल्या मजुरांचे रुईने भरलेले पाय आपल्याला कधी लागले नाहीत, ह्याचाही मला गर्व होता. ते लोक पाठीमागे दगडी फरशीवर उभे राहायचे. मला वाटायचं, तशीच रीत असते.

मग शेजारच्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीने सराई सालाने भाड्याने घेतली. सराईबरोबर भांडी, समया, लोड, तक्के आणि मीही कंपनीच्या हुकमतीखाली गेले. मॅनेजर जीवराम शेठ. त्यांच्या चिठ्ठीशिवाय मला कुणाच्या दारी न्यायचं नाही, असं नासीरला बजावलं गेलं.

त्याच कंपनीत भागाबाई होती. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून ती जिनावर कापूस घालत होती. उजव्या हाताची दोन बोटं जिनाने नेली. नवरा हिवतापाने गेला. मागे एकच मुलगी, सुंदर नावाची. बाई सोमवार धरायची, चतुर्थी धरायची. पोट भरलेलं असो नसो, व्रत मोडायची नाही.

सुंदरचं लग्न असोद्याच्या झुलाल पाटलाच्या धाकट्या मुलाशी ठरलं. मुहूर्त आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा धरला. झुलालने ना हुंडा मागितला ना भांडी. एवढंच म्हणाला, “आमना मोठा पोऱ्या अभिमनना लगीनमा सराईनी जाजम व्हती. धाकलाना लगीनमा नही ऱ्हायनी ते लोके म्हनतीन, सोयरा हलका शेतस. जाजम नही ते वऱ्हाड नही.”

भागाबाई जीवराम शेठांपुढे जाऊन उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “शेटजी, एक दिवससाठे जाजम द्या. मनी पोरनं लगीन अडेल शे.”

शेठ कागदावरून नजर न काढता म्हणाले, “कंपनीचा पंचविसावा वाढदिवस पार पडू दे. इनामाच्या यादीत तुझंही नाव आहे, लुगडं मिळणार आहे. मग बघू.”

एवढ्या ‘बघू’वर ती बाई महिनाभर आनंदात होती.

वाढदिवसाला सराई धुऊन काढली. कमानींना चुना दिला, आंब्याची तोरणं बांधली. शेठ लोकांना गाद्या-लोड, व्यापाऱ्यांना आणि अंमलदारांना मी, आणि मजूर नेहमीप्रमाणे मागे फरशीवर उभे. चाळीस-पन्नास बाया-माणसं सकाळपासून ताटकळत होती.

कंपनीने पुण्याकडून नवे सेक्रेटरी आणले होते. हुशार, गोरेपान, बोलायला गोड. लोकांच्या बोलीत चार शब्द बोलले तर लोक खूश होतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. शिपायाला विचारून त्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं. आमच्याकडे ‘बठ्ठा’ म्हणजे सगळे, आणि ‘बठा’ म्हणजे बसा. ठ्ठ वर जोर पडला नाही की अर्थ पार फिरतो. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? आम्हाला ते चुकूच शकत नाही.

इनामाची वेळ झाली. भागाबाईचं नाव पुकारलं. ती रांगेतून पुढे आली आणि माझ्या काठाशी थांबली. सेक्रेटरी साहेबांनी दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने म्हणाले, “ही कंपनी कुणा एकाची नाही. मालक असो, मजूर असो... बठा! बठा! बठा!”

भागाबाईने मागे पाहिलं. रांगेत तिच्या मागे असलेल्या ताईबाईने हळूच ढोसलं, “बठ ना वं. सायेब सांगी ऱ्हायना.”

आणि भागाबाई बसली. अगदी हळू, देवळात बसावं तशी. माझ्या मधोमध, सारीपाटावर. तिच्यामागून ताईबाई बसली, मग सगळे बसले. रुईचे पाय, फुटलेल्या टाचा, ओझी वाहून वाकलेली हाडं. पंचवीस वर्षांत मी इतकं वजन पेललं नव्हतं, आणि खरं सांगते, इतक्या हलक्याने माझ्यावर कुणी बसलंही नव्हतं. आपल्याने काही मळू नये म्हणून ती माणसं श्वास धरून बसली होती.

“ए! ऊठ!” जीवराम शेठ लोडावरून उठले. “तुले कोनी सांगं बठाले?”

“सायेबनीच सांगं ना शेटजी, बठा म्हनीसन.”

व्यापाऱ्यांत हसू फुटलं. शिपायाने सेक्रेटरी साहेबांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना कळलं, मित्रांनो. चूक आपली आहे, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, “मी म्हटलं सगळे, आणि ह्या बसल्या! चालायचंच. अडाणी लोक.”

मग हसण्याला कुणाचा धरबंद राहिला नाही. गादीवरून शेठाणी प्रमिलाबाई म्हणाल्या, “कपाळ पांढरं, आणि बसली कुठे तर सारीपाटावर! आता ह्या जाजमेवर कुणाचं शुभकार्य करायचं?”

सगळे उठले. भागाबाईला उठता येईना. गुडघे धरले होते. कुणी हात दिला नाही, कारण हात द्यायला माझ्यावर पाय ठेवावा लागला असता. ती हातांवर रांगत काठापर्यंत गेली. ते पाहून पुन्हा हसू आलं. तिचं लुगडं शेठांनी ताईबाईच्या हातात दिलं. ताईबाईने ते मान खाली घालून घेतलं. आपणच तिला ढोसलं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

“जाजम बाटवली ना? मग तूच धू,” शेठ म्हणाले. “आजच.”

भर उन्हात भागाबाईने मला बोरीच्या पात्रात धुतलं. ओली जाजम म्हणजे काय ओझं, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. तीन बोटांत माझा काठ ठरत नव्हता. दर खेपेला निसटायचा, दर खेपेला ती पुन्हा धरायची. काठावर पोरंसोरं, कामाला निघालेल्या बाया, येणारेजाणारे उभे राहून ओरडत होते, “बठाबाई! ओ बठाबाई, बठा ना!”

ते नाव तिला चिकटलं. रुपचंदने सांगितलं होतं तसा माझा रंग त्या धुण्याने खुलला. मला त्याची शरम वाटली.

धुऊनही मी शुद्ध झाले नाही. शेठांनी हुकूम दिला की समारंभात ही नको, कापून गाठींवर झाकायला घ्या. दोन हमाल आले आणि सुतळी कापायच्या विळ्याने त्यांनी मला मधोमध फाडलं. सारीपाटाच्या बरोबर मधून. अर्धी त्यांनी नेली. उरलेली अर्धी सोमवारी न्यायची ठरली.

त्या संध्याकाळी भागाबाई सराईच्या मागल्या दारी आली. रडत नव्हती. म्हणाली, “अक्का, झुलाल पाटीलना निरोप येल शे. बठाबाईनी पोर करी ऱ्हायनूत हेच पुष्कळ शे म्हने. जाजम दिसनी नही ते पारवरथीनच माघारे फिरसुत म्हने. पोर हळद लाईसन बठेल शे.”

हळद लागलेली मुलगी आणि माघारी गेलेलं वऱ्हाड. पुढे त्या मुलीचं काय होतं, ते दोघींनाही माहीत होतं.

हसीनाबीने तिचा तुटक्या बोटांचा हात आपल्या हातात घेतला. “लगीनमा तुनी पोर याच जाजमवर बठी. मी लई येसु. मनी जबान शे.”

“उद्या शेट तुमले काढी दी, अक्का.”

“घर जाय. पोरले एकली सोडू नको.”

नंतरचे दोन दिवस हसीनाबी माझी फाटलेली कड दुमडून बारीक टाके घालत बसली. विळ्याने कापताना मला जितकं दुखलं नव्हतं, तितकं त्या टाक्यांनी दुखलं. कारण तेव्हा मला कळत होतं की माझ्यातलं काय गेलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी समारंभ होतील. जुन्या वास्तूत, तोरणं बांधून, गुलाबपाणी शिंपडून. जाजम असेल तर ती सावलीत वाळवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा, ती तुम्हाला पुरून उरेल. पण तेवढ्याने तिची निगा राखली असं समजू नका. ह्या सराईत एके काळी व्यापारी आणि उंटवाला एकाच फरशीवर पाठ टेकत होते. दगडांनी कुणाला ऊठ म्हटलं नाही. चुकून कुणी बसलं तर त्याला बसू द्या. आणि शब्द तुमचा चुकला असेल तर तो तुम्हीच उचला, दुसऱ्याच्या कपाळी मारू नका. मी वस्तू आहे, मला तोंड नव्हतं. तिथे तोंड असलेली दोनशे माणसं होती.

आज लग्न. गोरज मुहूर्त आहे. असोद्याचं वऱ्हाड दुपारच्या गाडीने आलं आणि मारुतीच्या पारावर बसून राहिलं आहे. वाजंत्री वाजत नाही. झुलाल पाटील पानही घेत नाही म्हणतात.

हसीनाबीने माझी घडी घातली. नासीर दारात आडवा उभा राहिला. त्याच्या तोंडावर आज कुठल्या बादशहाची गोष्ट नव्हती.

“शेठला कळलं तर उद्या आपण रस्त्यावर. सात पिढ्यांचं घर आहे, हसीना.”

“हो.”

“आणि अर्धीच आहे ती. पाटील मानेल कशावरून?”

“नाही मानणार कदाचित.”

“मग कशाला जातेस?”

तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. “जबान दे चुकी मैं,” एवढंच म्हणाली. नासीरने किल्ल्यांवर मूठ मिटली. मग दारातून बाजूला झाला.

तिने मला डोक्यावर घेतलं. सराईतून गावात जायची वाट एकच आहे, कारखान्याच्या फाटकावरून जाणारी. फाटक उघडं होतं, जीवराम शेठांची बग्गी आत उभी दिसत होती. हसीनाबीने ओढणी सारखी केली, आणि घाई न करता ती त्याच वाटेला लागली.