दामिनी मॅडमचा माफीनामा

दामिनी वैरागडे सक्करदऱ्याच्या एका खाजगी शाळेत अकरा वर्षं विज्ञान शिकवत होती. जवळच्या मठाच्या विभूतीनं रक्तातली साखर उतरत नाही, त्यापायी कुणी इन्सुलिन बंद करू नये, असं तिनं नववीच्या वर्गात सांगितलं. शाळा मठाच्या भक्तांची. चौथ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष भैय्याजींनी तिला बोलावून टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"शनिवारच्या प्रार्थनेत हा वाचा मॅडम. पादुकांसमोर. अन् सही करा. मंग विषय संपला."

"आणि नाही वाचला तर?"

"काहून ताणून राहिल्या? नवरा अंथरुणावर आहे तुमचा. नोकरी जपा."

शनिवारी दामिनीनं भरल्या सभागृहात, मठाच्या चांदीच्या पादुकांसमोर वाचलं, "माझं म्हणणं अज्ञानातून आलं होतं. ते मी मागे घेते. विभूतीनं आजार बरे होतात, अशी माझी श्रद्धा आहे." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बसला. भैय्याजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. तिनं वाचलं. टाळ्या झाल्या. पादुकांवर डोकं टेकवलं, तेव्हा तिला फक्त गार चांदी लागली.

पुढच्या गुरुवारी शाळेतल्या शिपाई सुमतीबाई चक्कर येऊन जिन्यातच बसल्या. पायाची जुनी जखम चिघळून वास येत होता.

"इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं का आज?" दामिनीनं विचारलं.

"बंद केलं ना मॅडम. शनिवारपासून."

"अहो, का?"

"तुम्हीच तं सांगतलं सगळ्यायसमोर. बाकीच्यायचं मी ऐकत नव्हती. तुम्ही शिकलेल्या, म्हणून ऐकलं."

दामिनी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "ते खोटं होतं, सुमतीबाई. भिऊन वाचलं मी."

"पादुकांसमोर खोटं बोलल्या?"

"हो."

सुमतीबाईंनी कठडा धरून उठायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "मले दवाखान्यात नेता का?"

दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला.

त्या शनिवारी प्रार्थना संपल्यावर दामिनीनं कुणाला न विचारता माइक घेतला. "मागच्या शनिवारी मी इथे जे वाचलं, ते खोटं होतं. औषध कुणी बंद करू नका." एवढंच बोलून ती खाली उतरली. सोमवारी तिला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं.

आता ती घरी शिकवण्या घेते. सुमतीबाई रोज सकाळी कपाळाला विभूती लावतात, मग इंजेक्शन घेतात. दामिनी अधूनमधून भेटायला जाते. त्या चहा देतात, पण पूर्वीसारखं बोलत नाहीत.