उजवीकडचं माप

लेक झाली तेव्हा दवाखान्यात ताई नवऱ्याच्याही आधी पोचली होती. ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली सीनियर. बाळाला हातात घेऊन म्हणाली, "मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरं, सगळी आईकडूनच येतात. बापाचं नुसतं आडनाव!" टाके दुखेपर्यंत हसले होते मी.

सहा महिन्यांनी आज कामावर परतले. पाळणाघरात लेक ओढणी सोडेना. तिची इवलीशी बोटं एकेक करून सोडवली, त्यात उशीर झाला. पोचले तर बैठकीच्या खोलीत ताई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना, आपला नवा शोधनिबंध दाखवत होती.

"पेशींना पेरॉक्साइड दिलं की मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बिघडतो. आपल्याला वाटायचं, पेशी तो दुरुस्त करत बसते. पण फार बिघडलेल्या प्रती ती सरळ मोडीत काढते आणि उरलेल्या चांगल्या प्रतींवरून नव्या करून घेते. शेकडो प्रती असतात, तिला परवडतं."

"तिला परवडतं" हे शब्दसुद्धा माझेच होते.

आठवा महिना होता, पाय सुजून टम्म. डीएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या माझ्या जेलचा फोटो दाखवून मी ताईला माझा अंदाजही सांगितला होता: काही तासांत डीएनएचा पट्टा फिकट, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठळक. ताई म्हणाली, "अगं, डोस जास्त झालाय. पेशी मेल्यात तुझ्या. टाकून दे ते, आणि घरी जाऊन पाय वर करून पड." मी मुकाट्याने ऐकलं. ताईचं नाही ऐकायचं तर कुणाचं?

पडद्यावर लेखकांची नावं आली. त्यांत मी नव्हते. आभारांतही नव्हते.

मग तो फोटो आला. सर चष्मा सावरत पुढे झुकले. "हे काय? माप उजवीकडे कसं?"

जेल भरताना डावीकडच्या पहिल्या खाचेत ठरावीक लांब्यांचा डीएनए घालतात. तेच माप, त्यावरून बाकीचे पट्टे वाचायचे. आमच्याकडे सगळे डावीकडून भरतात. मी एकटी उजवीकडून. "आमचं उलटं खातं," असं म्हणून ताईच मला चिडवायची. फोटो उचलताना मात्र ते तिच्या लक्षात आलं नसावं.

"छापताना उलटा झाला असेल, सर," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी दवाखान्यातल्यासारखं मायेनं, "हो ना गं? सांग ना सरांना."

क्षणभर मान हलणारच होती माझी. इतकी सवय.

ओढणीच्या टोकाला लेकीच्या मुठीचा चुरगळा तसाच होता. तो घट्ट धरून मी उभी राहिले.

"फोटो सरळच आहे, सर," मी म्हणाले. "मी डावखुरी आहे."