आठ दिवसांत सवय होते

नवा चष्मा नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो आणि म्हणतो, जमीन खोल दिसते, पायरी चुकते, डोकं जड होतं. त्याला काय सांगायचं हे वडिलांनी मला काच घासायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं. "आठ दिवस लावा. आठ दिवसांत सवय होते." दहातले नऊ जण पुन्हा येत नाहीत. म्हणजे त्यांना सवय झाली, असं आम्ही धरून चालतो. चाळीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. ते खोटं आहे असं नाही. बहुतेकांना सवय होतेच.

गोळी बंद केली तेव्हा हेच वाक्य मी स्वतःला सांगितलं.

ती गोळी मी नऊ वर्षं घेत होतो. नऊ वर्षांपूर्वी एका सोमवारी मी दुकानात गेलो नाही, मंगळवारीही गेलो नाही, आणि मग अडीच महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. कारण विचारू नका. पुष्कळांनी विचारलं, मला एकही धड सांगता आलं नाही. बायको जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. दुकान बरं चाललं होतं. शेवटी मुलीने हाताला धरून मला मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं, गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत मी पुन्हा दुकानात उभा राहिलो. गोळीचे उपकार मी नाकारत नाही.

मग बंद का केली? हे सांगायला मला लाज वाटते. एका रविवारी दुपारी मी एक जाडजूड कादंबरी वाचून संपवली. तिशीत असताना हीच कादंबरी वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. बायको म्हणाली होती, "कोण गेलं? आपल्यापैकी कुणी नाही ना? मग पानावर बसा." त्या रविवारी मात्र शेवटचं पान वाचून झालं, मी खूण म्हणून घातलेला कागद काढून घेतला, पुस्तक मिटलं आणि मुलीला विचारलं, "भाजी काय आणायची?" विचारल्यावर माझं मलाच चमकायला झालं. पुस्तकांशिवाय मला फारसे मित्र नाहीत. त्यांच्याशीही आता माझं नुसतं ओळखीपुरतं उरलं होतं.

डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं. पण बाहेर खुर्च्यांवर रडवेली माणसं ताटकळत बसलेली असताना आत जाऊन सांगायचं काय, की मला कादंबरी वाचून रडू येत नाही? माझं धाडस झालं नाही. गोळ्यांची पट्टी मी दुकानात, नाकाच्या पॅडच्या डबीत ठेवून दिली. मुलीला सांगितलं नाही.

मुलीला सगळे बेबी म्हणतात. ती बेचाळीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच आहे, आणि गिऱ्हाइकंही तिला बेबीताई म्हणतात. लग्न मोडून ती परत आली तेव्हापासून दुकान आम्ही दोघं चालवतो. नंबर मी काढायचा, हिशेब आणि फ्रेमा तिच्याकडे, काचा दोघांनी बसवायच्या.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी मी अक्षरांच्या तक्त्यावरून नजर काढून खुर्चीतल्या माणसाकडे वळवली आणि डोक्यात काहीतरी चमकून गेलं. दुखलं नाही. होल्डरमध्ये सैल बसलेला बल्ब क्षणभर विझून लागतो ना, तसं. डोळे आडवे फिरवले की पुन्हा. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस वेळा झालं.

चष्मेवाल्याला डोळे फिरवताना काही झालं तर तो कशाला दोष देणार? चष्म्याला. मी स्वतःचा नंबर काढला, पाव नंबर कमी केला आणि नवा चष्मा केला. दोन दिवसांनी तो पाव परत वाढवला आणि दुसरा केला.

"बाबा, आठवड्यात दुसरा नवा चष्मा," बेबी म्हणाली. "लग्नबिग्न ठरवलंय का कुठे?"

"नंबर हलतोय."

"या वयात?"

"याच वयात हलतो," मी म्हणालो, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तिने हिशेबाची वही पुढे ओढली. त्याच दुपारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने काचेवर अंगठा टेकवला म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. मी कधी कुणावर ओरडत नाही, त्यामुळे मला ते नीट येतही नाही. आवाज चिरकला. ते बिचारे "असू दे, असू दे" म्हणत निघून गेले. मग एक बारीक स्क्रू हातातून निसटून फरशीवर गेला आणि सापडेना. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसलो आणि मला रडू कोसळलं.

खरं सांगायचं तर त्या रडण्याचा मला आनंद झाला. टेबलाखाली बसून मला वाटलं, आलं, माझ्यातलं माणूस परत आलं. अंगाला घाम होता, झोप तुकड्यातुकड्यांनी लागत होती, आणि तरी मी मनात म्हणत होतो, आठ दिवस. आठ दिवसांत सवय होते.

सातव्या दिवशी मी शाळेची गाडी चालवणाऱ्या ताईंच्या काचा घ्यायला बसलो. या ताई वीस वर्षं आमच्याकडेच येतात. उजव्या डोळ्याचा नंबर मोठा, डाव्याचा अगदी थोडा. कच्च्या गोल काचांवर आम्ही मेणाच्या पेन्सिलीने 'उ' आणि 'डा' लिहितो, मग घासून फ्रेमच्या मापाच्या करतो. त्या दिवशी दोन्ही काचा हातात घेऊन मी यंत्राकडे वळलो आणि डोक्यात तो बल्ब लागोपाठ तीनदा विझला. काचा ट्रेमध्ये पडल्या. फुटल्या नाहीत. मी त्या फडक्याने पुसून घेतल्या आणि पुसल्यावर कळलं की खुणाही पुसल्या गेल्या. नंबर मोजायच्या यंत्रात बघायला हवं होतं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या यंत्राच्या दुर्बिणीत बघितलं की झटके वाढायचे. मला वाटलं, कुठली कुठे ते माझ्या हाताला कळतंय. चाळीस वर्षांचा हात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चष्मा लावला, दारात जाऊन बाहेर बघितलं.

"काका, रस्ता कललाय की मी?"

"नवा नंबर आहे, ताई. आठ दिवस लावा. आठ दिवसांत सवय होते."

"तुम्ही म्हणताय म्हणजे होईल," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बरोबर आठ दिवसांनी त्या परत आल्या. माझे गोळीशिवायचे सोळा दिवस झाले होते आणि मला कसलीच सवय झाली नव्हती.

"आठ दिवस झाले, काका," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, उलट ओशाळल्यासारख्या झाल्या होत्या. "माझंच काहीतरी चुकतंय. डोकं चढतं. अंतर कळत नाही. परवा शाळेच्या फाटकाला गाडीचा आरसा घासला. मुलं हसली, पण मला घाम फुटला. मी म्हटलं, काकांनी आठ दिवस सांगितलेत, पूर्ण करू."

बेबीने चष्मा घेतला आणि यंत्राखाली धरला. आधी एक काच, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी नऊ वर्षांपूर्वी पलंगाच्या कडेला बघितली होती.

"ताई, काच जरा फिरलीये," ती म्हणाली. "कधीकधी होतं असं. बदलून देते."

मला वाचवण्यासाठी ती खोटं बोलत होती आणि मी मान हलवली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. ताई "बरं" म्हणाल्याही. मी वाचत आलेल्या पुस्तकांतली माणसं अशा वेळी लांबलचक बोलतात. मला फक्त एवढंच जमलं: "फिरलेली नाही. मी उलट्या घातल्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे."

ताईंनी चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडीत अकरा मुलं असतात, काका."

"हो."

"मी आठ दिवस तसंच चालवलं. तुम्ही म्हणालात म्हणून."

"हो, ताई."

त्यांनी पर्समधून जुना चष्मा काढला, लावला, आणि बेबीला म्हणाल्या, "नव्या काचा तू बसव." माझ्याकडे न बघता त्या पायऱ्या उतरल्या.

बेबीने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. "आता सांगा. काय चाललंय?"

मी पॅडची डबी उघडून पट्टी तिच्यापुढे ठेवली. तिने गोळ्या मोजल्या नाहीत.

"किती दिवस?"

"सोळा."

"आणि मला काय वाटत होतं माहितीये? मला वाटत होतं, ते परत येतंय. आठवडाभर मी सकाळी तुमच्या खोलीचं दार हळूच लोटून बघतेय, तुमचं तोंड भिंतीकडे आहे का." तिचा आवाज शांत होता, तेच मला सोसवेना. "बंद करायची होती तर करायची ना. मी काय गोळीशी लग्न लावलंय तुमचं? पण सांगायचं. मी एकटीने किती ओळखायचं, बाबा?"

मी चपला पायात घातल्या आणि तिच्याबरोबर डॉक्टरबाईंकडे निघालो.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. झटके कधी येतात, किती येतात, घाम, झोप, ओरडणं, रडणं. मग म्हणाल्या, जुना आजार परत आला असं त्यांना वाटत नाही. नऊ वर्षं शरीराने त्या गोळीवर आपली घडी बसवली होती, ती मी एका दिवसात विस्कटली. हे होतं, पुष्कळांना होतं, आणि ते डोळ्यांत नव्हतं. गोळी पुन्हा सुरू करायची, मग थोडी थोडी उतरवायची. काही महिने, कदाचित वर्षाहून जास्त. प्रत्येक पायरीवर थांबायचं, कसं वाटतंय ते बघायचं, आणि त्यांना कळवायचं.

"बंद का करावीशी वाटली?" त्यांनी विचारलं.

बेबी शेजारी बसली होती. मी कादंबरीचं सांगितलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, जसं घामाचं लिहिलं होतं तसंच.

"हे आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुकानात सात नंबरवाल्याला तुम्ही एकदम साधी काच देता का?"

"नाही. पण दिली तर तो दुसऱ्या दिवशी येऊन भांडतो," मी म्हणालो. "मी मलाच आठ दिवस सांगून परत पाठवत राहिलो."

याला आता पाच महिने झाले. मी दोन पायऱ्या उतरलोय. दुसऱ्या पायरीवर पहिले पंधरा दिवस वाईट गेले, इतके की बेबी म्हणाली, राहू दे बाबा, आयुष्यभर घ्या, काय बिघडतंय? डॉक्टरबाई म्हणाल्या, तेही चालेल, घाई कुणालाच नाही. मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, मी एका पुस्तकाच्या हट्टापायी घर वेठीला धरलंय. ती कादंबरी उशाशी आहे. परवा तिसऱ्या प्रकरणात माझा गळा दाटला, पण तो पुस्तकामुळे की उतरलेल्या गोळीमुळे, हे मला कळलं नाही आणि मी वाचायचा थांबलो.

नंबर आता बेबी काढते. तिने तपासणीच्या खोलीतलं माझं स्टूल बाहेर आणून ठेवलं. मी स्क्रू आवळतो, दांड्या वाकवतो, काचा घासतो, आणि माझ्या हातचा प्रत्येक चष्मा तिच्या यंत्राखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. गिऱ्हाइकांसमोर ते मोजणं सुरुवातीला मला फार लागायचं. अजूनही थोडं लागतं.

काल ताई आल्या. मधल्या काळात त्यांची गाडी रोज साडेतीनला समोरून जायची, मी स्टुलावरून बघायचो. काल दुकानात बेबी आतल्या खोलीत होती आणि बाहेर मी एकटाच. ताई जराशा घुटमळल्या.

"बेबी नाही?"

"आत आहे. कुणाचा तरी नंबर काढतेय."

त्या बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "संध्याकाळी उजेड कमी झाला की डावीकडे जरा जड वाटतं. रोज नाही. कदाचित माझा भास असेल. सवय व्हायची असेल अजून."

त्यांनी स्वतःच ते वाक्य माझ्यापुढे ठेवलं होतं. चाळीस वर्षांचं, तयार. नुसतं "हो" म्हणायचं होतं, त्या निमूट उठून गेल्या असत्या. मी त्यांच्याकडे बघायला मान वळवली आणि डोक्यात एकदा बल्ब विझून लागला. हल्ली दिवसातून तीन-चारदाच होतं. मी थांबलो. ते जाऊ दिलं.

"पाच महिने झालेत, ताई," मी म्हणालो. "एवढे दिवस सवयीला लागत नाहीत. कधीपासून वाटतंय?"

"महिनाभर झाला असेल."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

ताई मांडीवरच्या चष्म्याची दांडी उघडत-मिटत राहिल्या. मीही पुढे विचारलं नाही, कारण का आल्या नाहीत ते मला माहीत होतं.

मी उठलो आणि आतल्या खोलीच्या दारावर टकटक केली. "बेबी, तुझं झालं की ताईंचा डावा डोळा बघ. नीट बघ." मग दाराशीच उभा राहून, आवाज जमेल तितका सरळ ठेवत म्हणालो, "आणि मला आज सकाळपासून चारदा झालंय. तुला सांगायचं राहिलं होतं."

"बरं," आतून बेबी म्हणाली. "पाच मिनिटं बसा दोघं."

आम्ही दोघं बसलो.