आतली भिंत

“सिस्टर, नाकावर कापनार काय वो? पोरीचं लगीन व्हायचंय अजून,” सोनाबाईनं थिएटरच्या दाराशी किशोरीचा हात धरला.

स्ट्रेचरवरची रुचिका म्हणाली, “आये, लग्नाचं राहू दे. मला खेळायचंय.”

रेवसजवळच्या गावची ही पोर कबड्डीत चढाई करायची. तीन दिवसांपूर्वी पकड करणाऱ्या मुलीचं कोपर तिच्या उजव्या डोळ्यावर बसलं. नाकाच्या बाजूची डोळ्याची भिंत आतल्या आत फुटली, डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकला. बाजूला पाहिलं की एकीच्या दोन पोरी दिसायच्या. कुठलीला हात लावणार?

“डॉक्टर सांगतील,” एवढंच बोलून किशोरी आत गेली.

मास्कच्या वर, तिच्या नाकाच्या कडेला भुवईपासून उतरलेला व्रण होता. चष्म्यामुळे तो पटकन दिसायचा नाही. पालीला शाळेत असताना, चौदाव्या वर्षी सर्दीचा पू तिच्या डोळ्यामागं साचला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी नाकाच्या कडेला कापून तो काढला. पुढं व्रण दोरीसारखा ताणला गेला. बघायला आलेली तीन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. किशोरीनं नर्सिंगला नाव घातलं. अलिबागच्या या इस्पितळात तिला सत्तावीस वर्षं झाली होती.

मुंबईहून आलेल्या डॉक्टर क्रांती वयानं तिच्या भाचीएवढ्या. रुचिकाला भूल चढल्यावर त्यांनी चिमट्यानं तिचा डोळा फिरवून पाहिला. तो गच्च अडकला होता.

“किशोरीताई, बाहेरून नाही कापायचं. इथून जायचं.”

डोळ्याच्या कोपऱ्यात, आसवं जमतात तिथल्या गुलाबी गाठीपाशी त्यांनी बारीकशी चीर दिली. या थिएटरात हे पहिल्यांदाच होत होतं. किशोरीनं चपट्या पट्टीनं डोळा अलगद बाजूला धरला.

“आता बघा.”

किशोरी वाकली. कांद्याच्या पापुद्र्याएवढं हाड! उजेडात त्याच्यापलीकडचे हवेचे कप्पे निळसर दिसत होते.

“एवढीशीच भिंत?”

“एवढीशीच. मार बसला की ही फुटते, म्हणून डोळा फुटत नाही.”

डॉक्टर हाडाच्या कडेनं जरा जरा आत जात होत्या. “ही पहिली रक्तवाहिनी. इथून दबकत जायचं. दुसरी दिसली की थांबायचं, मागं दृष्टीची नस आहे.”

किशोरीनं पट्टी तशीच धरून ठेवली. आपल्याही डोळ्याशी अशीच एक भिंत आहे, तिच्याशी कुणीतरी असंच दबकत गेलं होतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं. आरशात दिसायची ती फक्त बाहेरची रेघ.

स्नायू सुटला. फटीवर आधाराला पातळ पत्रा बसला. डॉक्टरांनी पुन्हा चिमट्यानं डोळा धरला. तो डावीकडं गेला, उजवीकडं गेला, कुठंच अडला नाही.

“बाई गं!” किशोरीच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई लेकीच्या सुजलेल्या तोंडाशी तोंड नेऊन शोधत होती. “कापलं कुठं?”

“कोपऱ्यात, आतून. वरून दिसायचं नाही.” किशोरीनं चष्मा आणि मास्क काढला. “माझं इथून कापलं होतं.”

सोनाबाईनं तो व्रण न्याहाळला. मग हळूच म्हणाली, “तवा ही वाट न्हवती व्हय?”

“त्यांना ठाऊक होती त्या वाटेनं ते गेले. डोळा वाचला माझा.” ती रुचिकाकडं वळली. “त्याच डोळ्यानं काल तुझी भिंत बघितली गं. कसं सांगू तुला!”

तिनं चष्मा लावला आणि रुचिकापुढं एक बोट धरलं. “मान हलवू नकोस. किती?”

“एक.”

बोट खिडकीकडं सरकलं. “आता?”

“एकच हाय.”

दाराकडं सरकलं. “एकच.”

वहीत लिहायचं तेवढं झालं होतं. तरी किशोरीचं बोट खिडकीपासून दारापर्यंत सावकाश जात-येत राहिलं, आणि रुचिकाचे दोन्ही डोळे त्याच्यामागून जोडीनं फिरत राहिले.