मुहूर्ताची गंगा

विहिरीला पाणी लागलं तर तात्यासाहेबांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. गंगापूरजवळच्या उजाड माळावर त्यांनी मंगल कार्यालय बांधलं होतं आणि तिथं कुत्रंही फिरकत नव्हतं. वैशाखात कसंबसं एक लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या उताराखालच्या कोरड्या विहिरीत पाणी दिसलं. आठवडाभरात रस्त्यावर खडी पडली, जीपगाड्या थांबू लागल्या आणि कार्यालयाचा एकूण एक मुहूर्त भरला.

विहिरीवर ही झुंबड! काल-परवापर्यंत शहरातल्या शहागंज बाजारात किल्ल्या करून देणारा कडूबा आता महाराज होऊन गंगेचं कुलूप उघडत होता. "गोदामाई म्हंजे आपली गंगाच! जमिनीखालून इथं आलीय. मुहूर्ताला वर चढती, नसला की खाली बसती. पंचांग बघा, खोटं असंल तर माझी जीभ झडंल!"

पंचांगाशी ते खरोखर जुळत होतं. गंमत तीच होती.

पारूबाईच्या तळपायाला साखरेच्या आजारानं जखम झालेली. गोळ्या बंद करून ती रोज हे तीर्थ पायावर ओतायची. तिची लेक दीपमाला शहरात, विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरणशास्त्र शिकत होती. सुट्टीत घरी आली आणि जखमेच्या वासानंच हादरली.

"आई, नदी खाली, विहीर वर. पाणी चढ चढत नाय."

"तुमच्या नकाशातलं नसंल चढत. गंगामाईला नकाशा लागत नाय, माय."

आई दवाखान्याचं नाव काढू देईना. मग दीपमालानं नऊ दिवस विहिरीची पातळी मोजली. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी पाणी वर. पंचांग बघून वऱ्हाड येत होतं, गंगा नव्हे! पाण्याचा माग काढायला वापरतात तो निरुपद्रवी रंग तिनं विद्यापीठातल्या आपल्या विभागातून आणला आणि एका लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या संडासात ओतला.

"आई, उद्या तीर्थ हिरवं झालं तर दवाखान्यात येशील?"

"येईन की."

सकाळी विहीर हिरवीगार. महाराज क्षणभर चाचपडला, मग गरजला, "माईनं हिरवा चुडा भरला!" बायका ओट्या घेऊन धावल्या. आणि पारूबाईनं लेकीचेच पाय धरले. "हिनं कालच सांगितलं व्हतं! माई हिच्या तोंडून बोलती!"

लगेच रांग लागली. "ताई, आमच्या सोनियाचं लग्न कवा जमंल?"

"अवो, रंग मी टाकलाय!" दीपमाला रडकुंडीला आली.

"व्हय ना ताई, माईनंच टाकून घेतला."

शेवटी तिनं कार्यालयामागची फरशी लोकांकडूनच सरकवली. खाली शोषखड्डा. पाचशे पाहुण्यांची घाण आणि कडेला तोच हिरवा रंग. तळाचा काळा खडक भेगाळलेला. त्या भेगांतून सगळं थेट विहिरीत. एक बाई बाजूला जाऊन ओकली. पारूबाई पायाकडं बघत राहिली. "म्हंजे मी ह्या पायावर..." त्याच दुपारी ती दवाखान्यात गेली.

डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर आधी आणायचं होतं."

दीपमालानं मान खाली घातली. तिचं मोजमाप चोख होतं. त्यानं नऊ दिवस खाल्ले होते.

चमत्कार दिसला तर हात जोडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पाणी कुठून आलं, एवढं पहिल्याच दिवशी विचारा. इथं कुणीच विचारलं नाही. कडूबाला दुसरं गाव मिळालं. तात्यासाहेबांनी दुसरीकडं खड्डा खणला; रस्ता राहिला, लग्नं चालू आहेत. पारूबाईचा पाय मात्र गुडघ्याखालून गेला.