वरवर कापणारी कातर

मी एक जुनी कातर आहे, मित्रांनो. मेंढ्यांची लोकर कापणारी. सांगोल्याच्या लोहारानं मला घडवलं आणि बिरप्पा धनगराच्या हाती दिलं. कापताना तो गुणगुणायचा,

वरवर चाल कातरी, हलक्या पायानं जाय,
लोकर तेवढी घेऊन ये, कातडं मागू न्हाय.

माझ्या पात्याला कधी रक्त लागलं नाही. माळावर माझं फार कौतुक होतं.

पुढं त्याचे गुडघे गेले, मेंढरं विकली. तो आणि त्याची बायको अंबुबाई सोलापुरात लेकाकडं आले. मी तेलाच्या चिंधीत. बिरप्पाचं अन्न तुटलं. ताटावर बसायचा, घास चिवडायचा, उठायचा.

त्या थंडीत नात राजनंदिनीनं गच्चीवरच्या टबात अरुगुला पेरला. परदेशी पालेभाजी; मोहरीच्या पाल्यासारखी जिभेला झोंबणारी. बिरप्पानं एक पान चावलं नि डोळे मिटले. माळावरचा पाला असाच लागायचा म्हणाला, आणि भाकरी मागितली. मग मी चिंधीतून बाहेर आले. बाजूची पानं तो माझ्यानं कापायचा, मधला कोंब राखायचा, गाणं तेच. थोड्याच दिवसांत टब पुन्हा भरायचा, कातरलेली मेंढी भरते तसा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तापानं त्याला अंथरुणाला खिळवलं. जेवण पुन्हा सुटलं. अंबुबाई घाबरून गच्चीवर आली. मेथी उपटावी तसा तिनं सगळा टब उपटला, जुडी बांधली आणि मुळं छाटायला मला घेऊन त्याच्या उशाशी बसली.

बिरप्पानं जुडीची मुळं बोटांनी चाचपली.

"मुळासकट आणलंस व्हय?"

"तुमी पोटभर खावं म्हणून आणलं की."

"लोकर कापत्यात, अंबू. कातडं सोलत न्हाईत."

तरी तिनं भरवलं तेवढं त्यानं खाल्लं. दोन दिवसांत जुडी सरली. तो पाला मागायचा, ती तोंड फिरवायची. राजनंदिनीनं परत बी टाकलं. सोलापूरच्या उन्हात रोपं बोटभर होऊन करपली. त्याच आठवड्यात बिरप्पा गेला.

अंबुबाईनं मला त्या रिकाम्या टबात खोचून ठेवलंय. नळाला पाणी आलं की घरातली भांडी भरण्याआधी ती एक तांब्या वर आणते आणि कोरड्या मातीवर ओतते. तिथं काही उगवत नाही. ते पाणी माझ्या पात्यावरून उतरतं, मी गंजत चालले आहे.

मित्रांनो, कापा, पण मूळ राखा. हत्यार वापरून झालं की पुसून तेल लावून ठेवा. मला मात्र आता पुसू नका. तिचं तांब्याभर पाणी रिकाम्या मातीत पडण्यापेक्षा माझ्यावर पडलेलं बरं.