ओळंब्याचा दोरा

"हा दोरा आज वाकडा का लोंबतोय गं?"

दुर्बिणीला डोळा लावल्या लावल्या सासऱ्यांनी विचारलं आणि सूनबाईला हसू फुटलं. ओळंब्याचा दोरा कधी वाकडा लोंबतो का? तिला वाटलं, म्हातारबुवा सकाळी सकाळी फिरकी घेताहेत.

"तुमच्या धाकाने वाकला असेल, बाबा," ती म्हणाली. तेही हसले. पुढे ते हसणं तिला कित्येकदा टोचलं.

त्यांच्या दुकानात बंदुकांवर दुर्बिणी बसवून मिळत आणि बसवलेल्यांची निगाही राखली जाई. गिऱ्हाईक बहुतेक नेमबाजीच्या क्लबातलं. कोणाच्या भिंगावर बुरशी चढलेली, कोणाची कडी ढिली झालेली. एखादा शहाणा भिंग शर्टाच्या टोकाने पुसून ओरखडे पाडून आणायचा. त्याला सासरे विचारत, "अरे, डोळे पण त्याच शर्टाने पुसतोस का?" मग आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड, हे त्याच्याकडून तिथल्या तिथे घोकून घेत.

खरं नाजूक काम बसवण्याचं. रायफल शिकंज्यात धरायची, पाणसळ लावून सरळ करायची, दुर्बीण दोन कड्यांत ठेवायची आणि तिच्यातून समोरच्या भिंतीवरच्या दोऱ्याकडे बघायचं. त्या दोऱ्याला पितळी ओळंबा. दुर्बिणीच्या आत जी बारीक तारांची फुली असते, तिची उभी तार या दोऱ्याशी तंतोतंत जुळली की मग स्क्रू आवळायचे. फुली जराशी कलली तर जवळ काही कळत नाही. लांबच्या निशाण्यासाठी दुर्बिणीची चकती फिरवून नेम वर चढवला की मात्र गोळी बाजूला सरकते, आणि नेमबाज बिचारा स्वतःच्या हाताला शिव्या घालतो.

स्क्रूही एका दमात आवळायचा नाही. याला थोडं, समोरच्याला थोडं. सासऱ्यांची आणखी एक तऱ्हा होती. काम संपलं की त्यांच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत उभ्या असत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारख्या. त्यासाठी ते डब्यातून स्क्रू निवडून निवडून लावत. त्याने नेमात काडीचा फरक पडत नसे. "मग कशाला एवढा खटाटोप?" असं तिने नवी नवरी असताना विचारलं होतं. "तू भाकरी गोल का करतेस? तिरकी काय पोटात जात नाही?" असं उत्तर मिळालं होतं.

तर त्या सकाळी दोरा वाकडा दिसला. दुपारी जेवून सासऱ्यांचा डोळा लागला, तेव्हा तिने सहज म्हणून त्यांनी सकाळी बसवलेल्या दुर्बिणीत बघितलं. फुली चक्क कललेली. ज्या माणसाने तिला हे काम शिकवलं, त्याच्या हातून!

तिने घाईघाईने स्क्रू सैल केले, फुली दोऱ्याशी जुळवली, परत आवळलं. खाचा जुळवत बसायला वेळ कुठला? आत खोकल्याचा आवाज यायच्या आत सगळं जागच्या जागी हवं.

रात्री नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "आत्ताच बोलू नकोस. आई गेल्यापासून ते दुकान आहे म्हणून उभे आहेत. तू आहेस ना मागे? घे सांभाळून."

तिने सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी घेतलं, नंतरही घेत राहिली. सासरे सकाळी बसवायचे, ती दुपारी उकलून पुन्हा बसवायची. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटे. मग सवय झाली, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटू लागला. आपण म्हाताऱ्या माणसाचा मान राखतोय, असा.

क्लबाचे मास्तर आले त्या दिवशी हे सगळं उघडं पडलं.

मास्तर म्हणजे नेमबाजी शिकवणारे गृहस्थ. शिकवताना दबक्या आवाजात बोलावं लागे, त्याची भरपाई ते बाहेर करत. तयार झालेली रायफल उलटसुलट बघत म्हणाले, "बाबा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"तू विचारल्याशिवाय कधी राहिलायस?"

"हल्ली खाचा जुळवायचं सोडलंत वाटतं. पूर्वी कशा झ्याक एका रांगेत असायच्या! पण खरं सांगतो हां, तोंडदेखलं नाही. दुर्बीण बसते मात्र अगदी अचूक. पोरांची तक्रार म्हणून नाही. वय होतंय तसा हात आणखी तयार होतोय तुमचा!"

कोपऱ्यात भिंगावर ब्रश फिरवणाऱ्या सूनबाईचा हात थांबला.

सासऱ्यांनी रायफल मास्तरांच्या हातून घेतली. अंगठ्याचं नख एका खाचेवरून फिरवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"हो," ते म्हणाले. "हात तयार झालाय खरा."

मास्तरांना काय कळणार! त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक जुनी दुर्बीण काढली. "ही माझ्या वडिलांची. आतली तार तुटलीय. सगळीकडे फिरलो, सगळे म्हणतात फेकून द्या. मी म्हटलं, आमचे बाबा आहेत अजून."

"ठेवून जा," सासरे म्हणाले.

मास्तर गेले. सासऱ्यांनी दार लोटून घेतलं, भर दुपारी.

"कधीपासून?"

"बाबा, मला माफ…"

"माफी नंतर माग. कधीपासून ते सांग."

"दोरा वाकडा दिसला होता ना तुम्हाला. तेव्हापासून."

ते स्टुलावर बसले. "तेव्हापासून! म्हणजे गेला हिवाळाभर. म्हातारा समजली असतीस तर चाललं असतं गं मला. तू लहान पोर समजलीस."

तिच्याने वर बघवेना.

"आधी मला वाटलं, भिंत फुगली असेल," ते जणू स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. "मग वाटलं, दुर्बिणीतच दोष असेल. म्हटलं, कोणी ओरडत आला की डोळे दाखवून येऊ. पण कोणी आलाच नाही. उलट जो तो वाहवा करून जायचा. म्हटलं, डोळ्याला काय दिसायचं ते दिसो, हात चोख आहे ना! काम चोख होत होतं म्हणून मी गेलोच नाही डॉक्टरकडे."

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी बारीक चौकटींचा एक कागद समोर धरला. "रेघा कशा दिसतात, आजोबा?"

"कडेच्या ठीक. मधल्या पाण्यात पडल्यासारख्या. आणि अगदी मध्यभागी काहीच नाही, शाई सांडल्यासारखं."

बाईंनी थेंब घातले, डोळ्यांत उजेड पाडून पाडून बघितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग गेला होता. "सुरुवातीला रेघा नुसत्या वाकड्या दिसतात," त्या म्हणाल्या. "तेव्हा आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच थांबवता आलं असतं. आता उरलंय तेवढं जपायचं. घरात कोणाच्याच लक्षात नाही आलं?"

सूनबाईने तोंड उघडलं. पण तिच्याआधी सासरे म्हणाले, "मीच लपवलं होतं. हट्टी आहे मी. या पोरीला काही माहीत नव्हतं."

दोघं चालत घरी निघाली. त्यांनी चार शब्द सुनावले असते, भांडले असते, तर तिला हलकं वाटलं असतं. त्यांनी तिच्या दंडाला धरलं होतं, एवढंच. तसं ते याआधी कधी धरत नसत.

मास्तरांच्या दुर्बिणीचं काम राहिलंच होतं. केसाहून बारीक तार, नखाएवढ्या कडीवर ताणून लाखेच्या कणाने चिकटवायची. हे काम तेवढं त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. "घाई काय आहे," असं दोघंही म्हणत आले होते.

आता ते शेजारी बसून सांगू लागले आणि ती भिंगाखाली हात चालवू लागली.

"ओढ. आता तार बोटाला काय सांगते?"

"काही नाही सांगत, बाबा."

"सांगते गं. जरा धीर धर."

तार तुटली. दुसरी लावली. ती चिकटली.

"कशी दिसते?"

"ढिली."

"किती?"

किती ढिली हे सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हता. ते खाली वाकले, डोळा अगदी भिंगाला टेकवला, मान डावीकडून उजवीकडे फिरवून कडेच्या नजरेने तार पकडू पाहिली. मग सरळ झाले. "असू दे," म्हणाले. असं ते पुढे बऱ्याचदा म्हणाले. तारेची गुंडाळी संपत आली, तरी एक तार मनासारखी बसली नाही.

मास्तर आले ते दारातूनच ओरडत. "झाली का हो वडिलांची दुर्बीण?"

सासरे आतल्या खोलीत खिडकीशी होते. हल्ली ते दुपारीच नाही तर सकाळीही तिथेच बसत. तिने दुर्बीण रुमालात नीट गुंडाळली आणि मास्तरांपुढे ठेवली.

"मास्तर, हे काम आमच्याकडे होत नाही."

"होत नाही?" मास्तरांचा आवाज दबका झालेला तिने प्रथमच ऐकला. आतून आवाज आला, चढलेला नव्हता, पण स्पष्ट.

"असं नको सांगूस त्याला. आता होत नाही, म्हण."

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "मास्तर, हे काम आता आमच्याकडे होत नाही."